मर्सिडीज-बेंझ ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे

मर्सिडीज-बेंझ ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे ही जर्मनीतील डाइमलर-बेंझ कंपनीने १९५५ मध्ये तयार केलेली, बंद छताची दोन आसनी क्रीडा मोटारगाडी आहे. या प्रकारच्या केवळ दोन गाड्या बांधण्यात आल्या. कंपनीच्या प्रायोगिक विभागाचे प्रमुख अभियंते रुडॉल्फ उलेनहाउट यांच्या नावावरून ही गाडी ओळखली जाते. शर्यतीसाठी योजलेली ही गाडी प्रत्यक्षात एकाही शर्यतीत धावली नाही आणि ती विक्रीसाठी कधी उत्पादनातही आली नाही. ती आद्यनमुना, म्हणजेच प्रोटोटाइप, याच अवस्थेत राहिली.

५ मे २०२२ रोजी या दोन गाड्यांपैकी एक १३ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली. त्या वेळच्या विनिमय दराने ही रक्कम सुमारे १४ कोटी ३० लाख अमेरिकी डॉलर, म्हणजे सुमारे १,१०० कोटी रुपये होते. लिलावात विकल्या गेलेल्या मोटारगाडीला मिळालेली ही सर्वोच्च किंमत ठरली. कंपनीच्या लेखी ज्या गाडीचे काम अर्धवट राहिले होते, तीच सहा दशकांनंतर जगातील सर्वांत महाग गाडी कशी झाली, हे समजण्यासाठी तिची रचना, १९५५ मधील घटना आणि संग्राहकांच्या बाजारातील मूल्यनिश्चितीची पद्धत या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

नाव व संज्ञा

'३००' हा आकडा इंजिनाच्या सुमारे तीन लिटर क्षमतेचा निर्देश करतो. 'एसएलआर' ही अक्षरे क्रीडा, हलकी आणि शर्यत या अर्थांच्या जर्मन शब्दांची आद्याक्षरे आहेत. कंपनीच्या अंतर्गत व्यवहारात या गाडीचा सांगाडा डब्ल्यू १९६ एस या क्रमनामाने ओळखला जात असे. नावातील साम्यामुळे ३०० एसएलआर ही १९५४ मध्ये बाजारात आलेल्या प्रसिद्ध ३०० एसएल गाडीची सुधारित आवृत्ती असावी, असा समज होतो. वस्तुतः तिचे जवळचे नाते १९५४ व १९५५ च्या फॉर्म्युला वन स्पर्धांत उतरलेल्या डब्ल्यू १९६ आर या शर्यतीच्या गाडीशी आहे. ३०० एसएलमध्ये सहा सिलिंडरांचे इंजिन होते, तर ३०० एसएलआरमध्ये आठ सिलिंडरांचे. बाह्यरूप मात्र, विशेषतः कूपे प्रकारात, ३०० एसएलची आठवण करून देणारे आहे.

'कूपे' ही संज्ञा पक्के छत व दोन दारे असलेल्या गाडीसाठी वापरली जाते. १९५५ च्या शर्यतींत धावलेल्या ३०० एसएलआर गाड्या उघड्या टपाच्या होत्या.

रुडॉल्फ उलेनहाउट

रुडॉल्फ उलेनहाउट यांचा जन्म १९०६ मध्ये लंडन येथे झाला. त्यांचे वडील जर्मन व आई इंग्रज होती. १९३१ मध्ये ते डाइमलर-बेंझ कंपनीत रुजू झाले आणि १९३६ मध्ये वयाच्या तिशीतच शर्यतीच्या गाड्यांच्या तांत्रिक विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. अभियंता असूनही ते स्वतः अत्यंत वेगाने गाडी चालवू शकत. त्यामुळे एखाद्या गाडीतील दोष चालकाच्या वर्णनावरून ताडण्याऐवजी ते स्वतः चाकामागे बसून तो शोधत. मर्सिडीज-बेंझच्या युद्धपूर्व ग्रां प्री गाड्या, ३०० एसएल, डब्ल्यू १९६ आर आणि ३०० एसएलआर यांच्या जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा होता. १९७२ मध्ये ते निवृत्त झाले. १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले.

तांत्रिक रचना

३०० एसएलआरचे इंजिन एका ओळीत मांडलेल्या आठ सिलिंडरांचे असून त्याची क्षमता २,९८२ घन सेंटिमीटर होती. त्यातून सुमारे ३१० अश्वशक्ती मिळत असे. आठ सिलिंडर एका ओळीत मांडले की क्रँकशाफ्ट लांब होतो आणि वेगाने फिरताना त्याला पीळ बसून कंपने निर्माण होतात. यावर उपाय म्हणून हे इंजिन चार-चार सिलिंडरांच्या दोन गटांत विभागलेले होते आणि शक्ती क्रँकशाफ्टच्या टोकाकडून न घेता मध्यभागातून घेतली जात असे. इंजिन सरळ उभे न ठेवता एका बाजूला कलते बसवले होते. त्यामुळे गाडीचा पुढील भाग बुटका झाला व हवेचा अवरोध कमी झाला.

या इंजिनाची दोन वैशिष्ट्ये महत्त्वाची मानली जातात. सर्वसाधारण इंजिनात झडपा कॅमच्या दाबाने उघडतात व स्प्रिंगच्या ताणाने बंद होतात. इंजिन फार वेगाने फिरू लागले की स्प्रिंगला तो वेग साधत नाही आणि झडप वेळेवर मिटत नाही. ३०० एसएलआरमध्ये झडपा उघडणे व मिटणे ही दोन्ही कामे कॅमच करीत असत. या योजनेला डेस्मोड्रोमिक रचना म्हणतात. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारण्याची पद्धत. दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या इंजिनांवर काम करताना जर्मन अभियंत्यांनी या तंत्राचा अनुभव मिळवला होता.

गाडीचा सांगाडा बारीक नळ्या त्रिकोणी आकृतिबंधात जोडून बनवला होता. त्यावरील कवच मॅग्नेशियमच्या हलक्या मिश्रधातूचे होते. पाच गतींचा गिअरबॉक्स मागील चाकांजवळ बसवलेला होता. ब्रेकचे ड्रम आकाराने मोठे असल्याने ते चाकांत न बसवता गाडीच्या मध्यभागाकडे घेतले होते. उघड्या टपाच्या गाडीचे वजन सुमारे ९०० किलोग्रॅम होते.

कूपे प्रकारात याच यंत्ररचनेवर पक्के छत चढवण्यात आले. दारे ३०० एसएलप्रमाणे छतातील बिजागरांवर वरच्या दिशेने उघडणारी होती. दोन्ही दारे उघडली असता गाडी पंख पसरलेल्या समुद्रपक्ष्यासारखी दिसते. शक्ती मागे वाहून नेणारा भाग चालकाच्या पायांमधून जात असल्यामुळे चालकाला क्लचसाठी डावा पाय एका बाजूला आणि ब्रेक व अ‍ॅक्सिलरेटरसाठी उजवा पाय दुसऱ्या बाजूला असे पाय फाकवून बसावे लागे. इंजिनाचा धूर बाहेर सोडणाऱ्या नळ्या गाडीच्या उजव्या अंगाने बाहेर पडत. दोन्ही कूपे बाहेरून रुपेरी रंगाच्या आहेत. आतील बैठकांच्या आच्छादनाचा रंग एकीत लाल आणि दुसरीत निळा असल्याने त्या एकमेकींपासून ओळखता येतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : १९५५ चा हंगाम

३०० एसएलआरने १९५५ च्या जागतिक क्रीडा मोटार अजिंक्यपद स्पर्धेत भाग घेतला. १ मे १९५५ रोजी इटलीतील मिल्ले मिल्या या सुमारे १,६०० किलोमीटरच्या रस्त्यावरील शर्यतीत ब्रिटिश चालक स्टर्लिंग मॉस व त्याचा मार्गदर्शक डेनिस जेंकिन्सन यांनी १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत अंतर कापून विजय मिळवला. त्यांचा सरासरी वेग ताशी सुमारे १५७ किलोमीटर होता. जेंकिन्सन याने संपूर्ण मार्गातील वळणे व चढउतार एका लांब कागदी गुंडाळीवर टिपून ठेवले होते आणि शर्यतीत तो हाताच्या खुणांनी मॉसला पुढील वळणाची कल्पना देत होता. गाडीवरील ७२२ हा क्रमांक सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी तिची सुरुवात झाली, यावरून दिलेला होता. दुसरा क्रमांक ३०० एसएलआरमध्येच एकट्याने धावलेल्या अर्जेंटिनाच्या हुआन मान्युएल फांजिओ याचा आला.

११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत मोटार क्रीडेच्या इतिहासातील सर्वांत भीषण अपघात झाला. पुढील गाड्यांच्या हालचालीमुळे अचानक मार्गात आलेल्या एका मंद गाडीवर फ्रेंच चालक पिएर लवेग याची ३०० एसएलआर आदळली, हवेत उडाली आणि बांधावर फुटून तिचे तुकडे प्रेक्षकांत शिरले. मॅग्नेशियमच्या कवचाने पेट घेतल्याने आग विझवणे कठीण झाले. या अपघातात लवेग आणि ८० हून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. शर्यत थांबवण्यात आली नाही. मर्सिडीज-बेंझचा संघ आघाडीवर असतानाच मध्यरात्रीनंतर श्टुटगार्टहून आलेल्या आदेशानुसार त्याने माघार घेतली.

या दुर्घटनेनंतर युरोपातील अनेक शर्यती रद्द झाल्या. स्वित्झर्लंडने चक्राकार मार्गावरील मोटार शर्यतींवर बंदी घातली आणि ती अनेक दशके टिकली. उरलेल्या शर्यतींत ३०० एसएलआरने सप्टेंबरमध्ये उत्तर आयर्लंडमधील टूरिस्ट ट्रॉफी आणि ऑक्टोबरमध्ये सिसिलीतील तार्गा फ्लोरियो जिंकली व अजिंक्यपद मिळवले. त्याच हंगामाच्या अखेरीस कंपनी मोटार शर्यतींमधून निवृत्त झाली. शर्यतींत गुंतलेले अभियंते सर्वसामान्य गाड्यांच्या विकासासाठी हवे आहेत, असे कारण कंपनीने दिले. फॉर्म्युला वनमध्ये स्वतःचा संघ घेऊन ती थेट २०१० मध्ये परतली.

कूपेची निर्मिती व अपुरा उद्देश

बंद छताच्या गाडीचा विचार लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी झाला होता. उघड्या गाडीत वारा, धूळ व पाऊस यांमुळे चालक लवकर थकतो. त्यामुळे मेक्सिकोतील करेरा पानामेरिकाना यासारख्या अनेक दिवस चालणाऱ्या शर्यतीत छत असलेली गाडी अधिक सोयीची ठरली असती. १९५२ मध्ये मर्सिडीज-बेंझने ही शर्यत बंद छताच्या गाडीनेच जिंकली होती. परंतु ल माँच्या दुर्घटनेनंतर १९५५ ची करेरा पानामेरिकाना रद्द झाली आणि पुढे कंपनीनेच शर्यती सोडल्या. तयार झालेल्या दोन्ही कूपे अशा रीतीने उद्देशहीन ठरल्या.

त्यांपैकी एक गाडी उलेनहाउट यांनी रस्त्यावर चालवण्यायोग्य करून वापरात घेतली. कर्णकर्कश आवाज कमी करण्यासाठी तिच्या बाजूला प्रवासी पेटीएवढा मोठा सायलेन्सर बसवण्यात आला. तिचा कमाल वेग ताशी सुमारे २९० किलोमीटर होता. त्या काळात रस्त्यावर धावू शकणारी याहून वेगवान गाडी नव्हती. एका बैठकीला उशीर होऊ नये म्हणून उलेनहाउट यांनी म्युनिक ते श्टुटगार्ट हे दोनशेहून अधिक किलोमीटरचे अंतर तासाभरात कापले, अशी कथा सांगितली जाते. तिच्याकडे आख्यायिका म्हणूनच पाहावे लागते. मात्र अशा कथांनीही गाडीच्या कीर्तीत भर घातली आहे.

पुढील काळात दोन्ही गाड्या कंपनीच्या संग्रहात राहिल्या. प्रदर्शने व ऐतिहासिक गाड्यांच्या मेळाव्यांत त्या दिसत, परंतु त्या विकत मिळू शकतील असे संग्राहकांना कधी वाटले नव्हते.

२०२२ ची विक्री

ही विक्री ५ मे २०२२ रोजी श्टुटगार्ट येथील मर्सिडीज-बेंझ संग्रहालयात आरएम सदबीज या लिलावसंस्थेच्या सहकार्याने झाली. लिलाव खुला नव्हता. निवडक संग्राहकांनाच त्याचे निमंत्रण होते. विक्रीची वार्ता दोन आठवड्यांनी, १९ मे रोजी, जाहीर करण्यात आली. विजयी बोली सायमन किडस्टन या मोटार सल्लागाराने आपल्या ग्राहकाच्या वतीने लावली. ग्राहकाचे नाव प्रकट करण्यात आले नाही. विशेष प्रसंगी गाडी जनतेला पाहता येईल, असे नव्या मालकाने मान्य केल्याचे कंपनीने सांगितले. दुसरी कूपे कंपनीने स्वतःकडेच ठेवली.

विक्रीतून आलेली रक्कम पर्यावरण व कार्बन उत्सर्जन कमी करण्याच्या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्या तरुणांच्या शिक्षणासाठी वापरण्याचे कंपनीने जाहीर केले. त्यातून पुढे 'बीव्हिजनियर्स' ही शिष्यवृत्ती योजना सुरू झाली.

लिलावांतील विक्रमी किमती

संग्राह्य मोटारगाड्यांच्या किमती कशा वाढत गेल्या, याची कल्पना पुढील निवडक विक्रींवरून येते.

१९८७ : बुगाटी रोयाल, लंडन. सुमारे ५५ लाख पौंड.
२०११ : फेरारी २५० टेस्टा रोसा (१९५७ चा आद्यनमुना), पेबल बीच, कॅलिफोर्निया. सुमारे १ कोटी ६४ लाख डॉलर.
२०१३ : मर्सिडीज-बेंझ डब्ल्यू १९६ आर, गुडवुड, इंग्लंड. सुमारे १ कोटी ९६ लाख पौंड.
२०१४ : फेरारी २५० जीटीओ, कॅलिफोर्निया. सुमारे ३ कोटी ८१ लाख डॉलर.
२०१८ : फेरारी २५० जीटीओ, माँटेरे, कॅलिफोर्निया. सुमारे ४ कोटी ८४ लाख डॉलर.
२०२२ : मर्सिडीज-बेंझ ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे, श्टुटगार्ट. १३ कोटी ५० लाख युरो.
२०२३ : फेरारी २५० जीटीओ, न्यूयॉर्क. सुमारे ५ कोटी १७ लाख डॉलर.
२०२५ : मर्सिडीज-बेंझ डब्ल्यू १९६ आर (प्रवाहरेखित कवचाची), श्टुटगार्ट. सुमारे ५ कोटी ११ लाख युरो.

हे आकडे वाचताना तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली, लिलावाच्या जाहीर किमतीत बहुधा खरेदीदाराने लिलावसंस्थेला द्यावयाचे शुल्कही धरलेले असते. दुसरी, वेगवेगळ्या वर्षांतील रकमांची तुलना करताना चलनफुगवटा व विनिमय दर यांचा विचार आवश्यक असतो. तिसरी, अनेक मौल्यवान गाड्यांचे व्यवहार लिलावाबाहेर खाजगीरीत्या होतात व त्यांचे आकडे अधिकृतपणे प्रसिद्ध होत नाहीत. २०१८ मध्ये एक फेरारी २५० जीटीओ खाजगी व्यवहारात सुमारे ७ कोटी डॉलरना विकली गेल्याचे वृत्त होते.

मूल्यवाढीची कारणे

दुर्मीळता. फेरारी २५० जीटीओ या संग्राहकांच्या आवडत्या गाडीच्या ३६ प्रती बनल्या. त्यामुळे काही वर्षांनी का होईना, एखादी विक्रीस येते. उलेनहाउट कूपेच्या दोनच प्रती असून २०२२ पर्यंत दोन्ही निर्मात्याकडेच होत्या. ती घेण्याची संधी आयुष्यात पुन्हा येण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. अशा वेळी किंमत मागील व्यवहारांवरून ठरत नाही. दोन किंवा अधिक अतिश्रीमंत संग्राहक कुठवर जाण्यास तयार आहेत, यावर ती ठरते.

मालकीचा अखंड इतिहास. जुन्या शर्यतीच्या गाड्या अनेकदा अपघातांत मोडलेल्या, इंजिन बदललेल्या किंवा दोन गाड्यांचे भाग जोडून उभ्या केलेल्या असतात. सांगाड्यावरील व इंजिनावरील क्रमांक मूळ नोंदींशी जुळतात का, मधल्या काळात गाडी कोणाकडे होती, कोणते भाग बदलले, यांची छाननी संग्राहक करतात. क्रमांकांत किंवा कागदपत्रांत खंड असेल तर किंमत मोठ्या प्रमाणात उतरते. उलेनहाउट कूपेच्या बाबतीत गाडी घडवणारी कंपनीच ६७ वर्षे मालक होती. तिच्या अस्सलपणाविषयी शंकेला जागा नव्हती.

इतिहासाशी नाते. गाडी स्वतः शर्यतीत धावली नसली, तरी मॉसचा मिल्ले मिल्यातील विजय, फांजिओची कारकीर्द व अजिंक्यपद यांच्याशी जोडलेल्या यंत्ररचनेचीच ती एक आवृत्ती आहे. तिच्या मागे एका नामवंत अभियंत्याचे व्यक्तिमत्त्वही उभे आहे.

वापराची शक्यता. अनेक ऐतिहासिक गाड्यांना मेळावे व स्मरण-शर्यतींमुळे मागणी असते. उदाहरणार्थ, मिल्ले मिल्याच्या आजच्या स्मरणफेरीत १९२७ ते १९५७ या काळातील मूळ शर्यतीत सहभागी झालेल्या प्रकारांच्याच गाड्यांना प्रवेश मिळतो. त्यामुळे त्या प्रकारांचे मूल्य वाढते. उलेनहाउट कूपेला हे कारण फारसे लागू पडत नाही. तिची किंमत मुख्यतः कलावस्तूच्या किमतीसारखी, म्हणजे अनन्यता व प्रतिष्ठा यांवर उभी आहे.

आद्यनमुने व बाजारमूल्य

आद्यनमुना दुर्मीळ असतो, म्हणून तो मौल्यवान असतोच असे नाही. मोटार कंपन्या चाचण्यांसाठी मोठ्या संख्येने आद्यनमुने बनवतात व काम संपल्यावर ते मोडीत काढतात. जे वाचतात, त्यांपैकी फार थोड्यांना मोठी किंमत येते. त्यासाठी नमुन्याचा एखाद्या महत्त्वाच्या गाडीच्या विकासाशी किंवा शर्यतीशी संबंध असावा लागतो. १९५७ चा फेरारी २५० टेस्टा रोसाचा आद्यनमुना हे याचे उदाहरण आहे, कारण तो पुढे ल माँ जिंकणाऱ्या गाड्यांच्या मालिकेचा आरंभ होता. अ‍ॅस्टन मार्टिनने १९६३ मध्ये ल माँसाठी एकच प्रत बांधलेली डीपी २१५ ही गाडी २०१८ मध्ये सुमारे २ कोटी १५ लाख डॉलरना विकली गेली.

जग्वार एक्सजे १३ हे उलेनहाउट कूपेशी सर्वाधिक साम्य असलेले उदाहरण मानता येईल. ल माँसाठी १९६६ मध्ये एकच बांधलेली ही बारा सिलिंडरांची गाडीही योजना बारगळल्याने शर्यतीत उतरली नाही. १९७१ मध्ये चित्रीकरणाच्या वेळी तिला अपघात झाला आणि नंतर ती पुन्हा बांधण्यात आली. ती इंग्लंडमध्ये वारसा संग्रहात आहे. ती विक्रीस आलेली नसल्याने तिला बाजारभाव असा नाहीच. 'जगातील सर्वांत महाग गाडी' या पदवीचा अर्थ 'विकल्या गेलेल्या गाड्यांत सर्वांत महाग' एवढाच असतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

मूल्यमापन व मतभेद

२०२२ च्या किमतीने आधीचा लिलावातील विक्रम जवळजवळ तिप्पट रकमेने मागे टाकला. तथापि त्यानंतर २०२३ व २०२५ मध्ये विकल्या गेलेल्या अतिशय महत्त्वाच्या गाड्यांना सुमारे पाच ते साडेपाच कोटी डॉलर, म्हणजे तिच्या किमतीच्या जेमतेम एक-तृतीयांश रक्कम मिळाली. यावरून उलेनहाउट कूपेची किंमत संपूर्ण बाजाराचा स्तर दाखवत नाही, ती एक अपवादात्मक घटना आहे, असे म्हणता येते. एका विक्रमावरून इतर जुन्या गाड्यांच्या मूल्याचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फेरारी व इतर संग्राह्य गाड्यांच्या किमती झपाट्याने वाढल्या होत्या. १९९० नंतर तो फुगा फुटला आणि चढ्या भावाने खरेदी केलेल्यांना मोठे नुकसान सोसावे लागले.

दुसरा प्रश्न वारशाचा आहे. संग्रहालयातील वस्तू सर्वांना पाहता येते, अभ्यासकांना तिची तपासणी करता येते आणि तिची देखभाल संस्थेची जबाबदारी असते. तीच वस्तू खाजगी मालकीत गेली की तिचे दर्शन मालकाच्या इच्छेवर अवलंबून राहते. प्रसंगोपात्त प्रदर्शनाचे आश्वासन असले, तरी ते संग्रहालयातील नित्य उपस्थितीची जागा घेऊ शकत नाही. दुसऱ्या बाजूने, दोन समान गाड्यांपैकी एक राखून दुसरीच्या विक्रीतून शिक्षणासाठी निधी उभा राहत असेल, तर तो व्यवहार समर्थनीय आहे, असा युक्तिवाद केला जातो. २०२५ मध्ये इंडियानापोलिस मोटर स्पीडवे संग्रहालयाने आपल्या संग्रहातील काही गाड्या विकल्या. वरील यादीतील प्रवाहरेखित डब्ल्यू १९६ आर ही त्यांपैकीच एक होती. किमती वाढल्या की संस्थांवर विक्रीचा मोह व दबाव दोन्ही वाढतात, हे या घटनांतून दिसते.

तिसरी बाजू ल माँच्या दुर्घटनेची आहे. ती दुर्घटना घडली नसती, करेरा पानामेरिकाना झाली असती आणि कंपनी शर्यतींत टिकली असती, तर या कूपे शर्यतीत उतरल्या असत्या. कदाचित त्यांच्या आणखी प्रती बनल्या असत्या, काही अपघातांत नष्ट झाल्या असत्या, काही विकल्या गेल्या असत्या. गाडीची आजची अनन्यता ही त्या वर्षी कोसळलेल्या योजनांचा परिणाम आहे. त्यामुळे उलेनहाउट कूपेच्या किमतीचा उल्लेख करताना १९५५ मध्ये मृत्युमुखी पडलेल्या प्रेक्षकांचा व त्यानंतर मोटार शर्यतींत प्रेक्षकांच्या सुरक्षिततेविषयी आलेल्या जाणिवेचा उल्लेख वगळला, तर या गाडीचा इतिहास अपुरा राहतो.

सद्यस्थिती

दोन कूपेंपैकी एक खाजगी मालकाकडे असून दुसरी मर्सिडीज-बेंझ कंपनीच्या ऐतिहासिक संग्रहात आहे. मिल्ले मिल्या जिंकणारी ७२२ क्रमांकाची उघड्या टपाची ३०० एसएलआर गाडीही कंपनीच्याच मालकीची आहे. २०२५ मधील लिलावांनंतरही १३ कोटी ५० लाख युरोंचा विक्रम अबाधित राहिला.